सातवे पाऊल : उत्तरवयातील विवाह आणि निवृत्तिवेतन



देवस्थानच्या पत्रिकेत निवृत्तिवेतनाचा विषय कशासाठी, अशी शंका काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु देवापुढे उभा राहून मनुष्य धनधान्याची, संततीची व आरोग्याची याचना करतो आणि त्यात कोणास काही वावगे वाटत नाही. मग वार्धक्यातील पोटापाण्याचा विचार देवाच्या दारी केल्याने अनुचित असे काय घडते? शिवाय हा विषय आम्ही शोधून आणलेला नाही. तो आमच्या घराच्या सोप्यावर आपल्या पायांनी चालत आला.

गेल्या वर्षी, चतुर्थी होऊन गावातील पाहुणे परतल्यानंतरच्या एका संध्याकाळी, दोन माणसे आमच्या वडिलांकडे आली. एक सरकारी शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. वय पासष्टीच्या पुढे, पत्नी निवर्तून पुष्कळ वर्षे लोटलेली, अपत्य नाही. दुसऱ्या साठीला आलेल्या एक बाई. त्यांचे यजमान सरकारी नोकरीत असतानाच वारले आणि तेव्हापासून बाईंना कुटुंब-निवृत्तिवेतन मिळते. त्यांचा एकुलता मुलगा परदेशी बोटीवर असतो. (दोघांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील आम्ही बदलले आहेत.) मास्तर तापाने अंथरुणास खिळले तेव्हा बाईंच्या घरची पेज त्यांना जात असे; बाईंच्या डोळ्यातील मोतीबिंदू काढावयाचा होता तेव्हा त्यांना म्हापशाला नेऊन परत आणण्यास मास्तरच होते. आपल्या केरीत आज कितीतरी घरांतून तरुण माणूस मुंबईस, आखातात वा बोटीवर आहे आणि देवापुढे सांजवात लावण्यास एकच थकलेला हात उरला आहे. अशा गावात शेजारधर्माची ही नाती नवी नाहीत. पण गाव म्हटला की जिभाही आल्याच. त्या जिभांना कंटाळून आणि त्याहूनही अधिक एकटेपणाला कंटाळून, या दोघांनी विवाह करण्याचे योजिले होते.

मास्तर म्हणाले, "भटजी, आम्हांला सह्या करायच्या नाहीत. देवळात येऊन देवासमोर हार घालतो. तुम्ही मंत्र म्हणा, अक्षता टाका. आम्हांला तेवढे पुरे."

वडिलांनी कारण विचारले. मास्तर खाली पाहू लागले. उत्तर बाईंनीच दिले. "सह्या झाल्या की माझी पेन्शन बंद होते."

वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग, "चार दिवसांनी या," एवढेच म्हणाले, आणि ती दोघे गेल्यावर आम्हांस म्हणाले, "शास्त्र मी पाहतो. कायदा काय म्हणतो ते तू वाचून काढ." आमचे शिक्षण शाळेपुरते. तरी त्या चार दिवसांत व पुढील कित्येक महिन्यांत जे वाचले, जाणत्यांकडून जे समजून घेतले आणि त्यावर जो विचार झाला, तो वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

प्रथम 'सह्या' म्हणजे काय ते स्पष्ट करू, कारण मुंबईस स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांना त्याची पुरती कल्पना नसते. १८६७ सालची पोर्तुगीज दिवाणी संहिता गोव्याच्या मुक्तीनंतरही येथील कुटुंबविषयक व्यवहारांत कायम राहिली. तिच्या अनुषंगाने चालत आलेल्या येथील कायद्यानुसार विवाहाची नागरी नोंदणी आवश्यक आहे. वधूवरांनी नोंदणी अधिकाऱ्यापुढे जाऊन सह्या कराव्या लागतात. मांडवातील होम व देवळातील माळ ही धर्माची बाजू झाली. परंतु त्या नोंदणीवाचून कचेरीत तो विवाह उभा राहत नाही. म्हणजे मास्तर व बाई जे मागत होती, तो देवाच्या दृष्टीने विवाह आणि सरकारच्या दृष्टीने शून्य, असा प्रकार होता.

आता निवृत्तिवेतनाकडे वळू. सरकारी नोकराच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीस वा पतीस जे दरमहा वेतन मिळते, त्यास कुटुंब-निवृत्तिवेतन म्हणतात. त्याची आजची घडी १९६४ सालच्या योजनेने बसविली. पुढे १९७२ साली केंद्र सरकारचे निवृत्तिवेतनाचे नियम झाले, आणि गोवा सरकारच्या जुन्या नोकरांनाही तेच लागू झाले. सर्वसाधारणपणे अखेरच्या मूळ पगाराच्या ३० टक्के एवढी ही रक्कम असते. २०१६ पासून ती दरमहा ९,००० रुपयांहून कमी असू नये असे ठरले आहे. तिच्यावर महागाईची वाढ मिळते ती निराळी.

१९७२ च्या त्या नियमांत 'कुटुंब' या शब्दाची जी व्याख्या होती, तिच्यात एक लहानशी अट दडलेली होती. विवाह निवृत्तीपूर्वी झालेला असला पाहिजे, ही ती अट. निवृत्तीनंतर आलेली पत्नी ही पत्नी खरी, पण कुटुंबातील नव्हे! धर्माने ती अर्धांगी, शेजाऱ्यापाजाऱ्यांत ती घरची लक्ष्मी, पण पतीच्या निधनानंतर निवृत्तिवेतनाच्या कचेरीत ती परकी.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि १९८९ साली 'भगवंती विरुद्ध भारत सरकार' या खटल्यात त्याचा निकाल लागला. दोन स्त्रियांची गाऱ्हाणी त्यात एकत्र ऐकली गेली. एकीचा पती सैन्यातून निवृत्त झालेला, दुसरीचा रेल्वेतून. दोघींचेही विवाह पतीच्या निवृत्तीनंतर झालेले. न्यायालयाने जो विचार मांडला तो सामान्य माणसासही सहज पटेल असा आहे. निवृत्तिवेतन मिळते ते मागे केलेल्या सेवेबद्दल. कुटुंब-निवृत्तिवेतनाचा पायाही तीच सेवा. ती सेवा तर निवृत्तीच्या दिवशी पूर्ण झाली. विवाह तिच्या आधी झाला की नंतर, याने त्या सेवेत तिळभर उणे अधिक होत नाही. मग त्या कारणाने एका पत्नीस द्यावे व दुसरीस वगळावे यास आधार उरत नाही. ती अट न्यायालयाने रद्द ठरविली.

या निकालाच्या मागे आणखी एक निकाल उभा आहे. १७ डिसेंबर १९८२ रोजी 'नकारा' खटल्यात याच न्यायालयाने सांगितले होते की निवृत्तिवेतन ही सरकारने खुशीने घातलेली भिक्षा नव्हे. ते कष्टाने मिळविलेले आहे. देशभरातील पेन्शनर मंडळी १७ डिसेंबर हा दिवस आजही आपला दिवस म्हणून पाळतात तो याचसाठी. वाचकहो, दान आणि मोल यांतील हा भेद आपल्या धर्मविचारास अगदी परिचित आहे. दान देणारा पात्र-अपात्र पाहू शकतो, काळवेळ पाहू शकतो. मोलकऱ्याचे मोल देताना मात्र "तू हे पैसे घरी कोणासाठी नेतोस?" असे विचारण्याचा अधिकार कोणासही नाही.

हा हक्क कोठवर पोचतो, हेही पाहिले पाहिजे. नागपूर येथील एका सरकारी अधिकाऱ्याचे निवृत्तीनंतर १९९४ साली निधन झाले. त्यांच्या पत्नीने १९९६ साली मुलगा दत्तक घेतला. त्या दत्तक पुत्रास कुटुंब-निवृत्तिवेतन मिळावे की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने नाही म्हणून सांगितले. कारण ते नाते त्या अधिकाऱ्याने आपल्या हयातीत जोडलेले नव्हते. दोन्ही निकाल एकत्र ठेवले म्हणजे रेषा स्पष्ट दिसते. सेवा करणाऱ्याने आपल्या जिवंतपणी, आपल्या हाताने, ज्यास आपले म्हटले, त्याचा हक्क. मग ते म्हणणे चाळिशीतले असो की सत्तरीतले. ही रेषा आम्हांस न्याय्य वाटते.

आता शास्त्राकडे येऊ. उतारवयातील विवाह हा आश्रमधर्माच्या विरुद्ध आहे, असे पुष्कळ सज्जन मानतात. अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पांढरे झाले, नातवंडाचे तोंड पाहिले, की गृहस्थाने वनाकडे वळावे, असे मनुस्मृती सांगते, हे खरे. परंतु तेथेच, पत्नीस पुत्रांच्या स्वाधीन करून अथवा तिला बरोबर घेऊन जावे, असेही सांगितले आहे. म्हणजे वनातही सोबत वर्ज्य नाही. आणि ज्याला ना नातवंड, ना पुत्र, ना पत्नी, त्याने कोणत्या घराचा भार कोणावर सोपवून कोणत्या वनास जावे? त्याचे रिकामे घर हेच त्याचे वन असते.

पण आमच्या वडिलांनी शास्त्रातून जे काढून दाखविले, ते याहून सोपे होते. त्यांनी सप्तपदीची आठवण दिली. वधूवर अग्नीजवळून सात पावले चालतात. पहिले पाऊल अन्नासाठी, दुसरे बळासाठी, तिसरे धनाच्या पोषणासाठी, चौथे सुखासाठी, पाचवे संततीसाठी, सहावे ऋतूंसाठी आणि सातवे सख्यासाठी. विवाह पूर्ण होतो तो सातव्या पावलाने. सारी आयुष्यभर ही पावले आम्ही ऐकत आलो. पण त्यांच्या क्रमाचा अर्थ आमच्या ध्यानी त्या दिवशी आला. प्रजा हे पाचवे पाऊल आहे, अखेरचे नव्हे. ज्यांचे पाचवे पाऊल मागे पडले, किंवा जे कधी पडलेच नाही, त्यांचे सातवे का अडवावे? कुटुंब म्हणजे मुलेबाळे वाढविण्याची सोय, एवढाच ज्याने अर्थ घेतला त्याने पाचव्या पावलाशीच थांबून मंडप मोडला, असे म्हणावे लागेल. आणि तिसरे पाऊल धनासाठी आहे, हेही विसरून चालणार नाही. आपल्या मागे जोडीदाराच्या भाकरीची काय व्यवस्था, हा विचार विवाहप्रसंगी मनात येणे म्हणजे विवाह बाटविणे नव्हे. शास्त्राने त्या विचारास सख्याच्याही आधी पाऊल दिले आहे.

तथापि दुसरी बाजू मांडल्यावाचून हा विचार पुरा होणार नाही. निवृत्तिवेतनाच्या लोभाने विवाह होणारच नाहीत काय? होतील. आपल्या मराठी समाजाच्या मनावर या बाबतीत एका नाटकाचा मोठा ठसा आहे. गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आले. धनाढ्य जरठ आणि कोवळी मुलगी, मध्ये पैशास लोभावलेला बाप, असे त्याचे कथानक. त्या नाटकाने एका दुष्ट चालीवर घाव घातला आणि ते योग्यच झाले. पण तेव्हापासून पांढऱ्या केसांचा वर म्हटला की आपल्याला हसूच येते. ज्या विवाहात दोघांचेही केस पांढरे आहेत, दोघेही आपल्या मनाने उभी आहेत, कोणी कोणास विकलेले नाही, त्यासही आपण तेच हसू हसतो. हा देवलांच्या नाटकाचा उपयोग नव्हे, दुरुपयोग आहे.

लोभाचा प्रश्न समजून घ्यावयाचा तर अमेरिकेतील एक गोष्ट उद्बोधक आहे. तेथील यादवी युद्ध १८६५ साली संपले. त्या युद्धात लढलेला जेम्स बोलिन नावाचा शिपाई १९३६ साली ९३ वर्षांचा होता. हेलन जॅक्सन नावाची १७ वर्षांची शेजारची मुलगी त्याच्या घरकामास मदत करीत असे. तिला देण्यास त्याच्याजवळ दुसरे काही नव्हते. म्हणून आपल्या मागे तिला विधवेचे पेन्शन मिळावे या हेतूने त्याने तिच्याशी विवाह केला. म्हणजे केवळ पेन्शनसाठी झालेला विवाह जर कोठे दाखवावयाचा असेल तर तो हाच. पण पुढे काय झाले? त्याच्या एका मुलीने नावलौकिकास काळिमा लावण्याची धमकी दिली, आणि हेलनने ते पेन्शन कधी मागितलेच नाही. ती २०२० साली, १०१ वर्षांची होऊन वारली. तोवर या विवाहाची गोष्टही तिने बहुतेकांपासून गुप्त ठेवली होती. युद्ध संपून दीडशेहून अधिक वर्षे झाल्यावरही त्याची विधवा जिवंत असू शकते, हे पाहून खजिनदाराच्या पोटात गोळा येणे समजण्यासारखे आहे. पण या कथेत लोभी कोण आणि निर्लोभी कोण, याचा निवाडा वाचकांनीच करावा.

खजिन्याचे रक्षण करण्याचे सौम्य मार्गही जगात आहेत. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा योजनेत विधवेच्या वेतनासाठी विवाहास साधारणतः ९ महिने झालेले असावे लागतात. जर्मनीत एक वर्षाची मुदत आहे. त्याआधी मृत्यू आल्यास विवाह केवळ वेतनासाठी नव्हता असे दाखवावे लागते. मृत्युशय्येवरील व्यवहार अडविण्यास एवढे पुरते. लबाड माणसासाठी उंबरठा थोडा उंच करावा. प्रामाणिकासाठी दार भिंतीने बुजवू नये.

आता मुख्य नैतिक प्रश्न. मास्तरांच्या पत्नीस हक्क आहे, हे ठरले. पण बाईंचे काय? त्यांना आज जे वेतन मिळते ते पहिल्या यजमानांच्या सेवेचे आहे. पुनर्विवाह केला की ते बंद होते. निःसंतान विधवेस मात्र, तिचे इतर उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असल्यास, पुनर्विवाहानंतरही ते चालू राहते. सहाव्या वेतन आयोगाच्या वेळेपासून ही सवलत आहे. बाईंना मुलगा आहे. तो कमावता असल्याने त्याला ते मिळणार नाही, आणि तो आहे म्हणून बाईंना ती सवलत नाही. मूल असणे हाच येथे तोटा ठरतो!

या नियमाची जुनी वडील बहीण आपल्याला इतिहासात भेटते. १८५६ सालच्या कायद्याने हिंदू विधवेस पुनर्विवाहाची मोकळीक मिळाली. पण त्याच कायद्याने पुनर्विवाह करताच पहिल्या पतीच्या मिळकतीवरील तिचा हक्क संपविला. एका हाताने कुंकू दिले आणि दुसऱ्या हाताने ताट ओढून घेतले. न्यायालयाचेच म्हणणे धरून चालावयाचे तर, पहिल्या यजमानांची सेवा त्यांच्या मृत्यूच्या दिवशी पूर्ण झालेली आहे. पत्नीच्या पुनर्विवाहाने ती मागे जाऊन अपुरी होत नाही. मग मोल का थांबावे?

यावर एक उत्तर आहे आणि ते टाळण्यासारखे नाही. कुटुंब-निवृत्तिवेतन जनतेच्या पैशातून जाते. आपल्याच गावात रापण ओढणारे आहेत, काजूच्या बागेत राबणारे आहेत. त्यांच्या वार्धक्यास गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेसारखा आधार आहे, पण सरकारी नोकराची पेन्शन त्यांनी कधी पाहिली नाही. बाजारातील प्रत्येक वस्तूवर कर मात्र तेही भरतात. एका घरात दोन वेतने यावीत आणि शेजारच्या घरात एकही नसावे, हे त्यांनी का सोसावे? हा प्रश्न खरा आहे. म्हणून आमचे मत असे की, उत्पन्नाची मर्यादा घालावी. ती निःसंतान विधवेस आहे तशी सर्व विधवांस घालावी. ज्या घरात पुरेसे आहे तेथे वेतन थांबले तर अन्याय होणार नाही. परंतु 'विवाह केलास म्हणून' थांबविणे आणि 'तुला आता गरज नाही म्हणून' थांबविणे, यांत फार अंतर आहे. पहिल्यात शिक्षा आहे, दुसऱ्यात हिशेब आहे.

नियम असा अपुरा आहे. मग तो चुकविण्यासाठी गुपचूप विवाह करणे धर्म्य ठरते काय? याच ठिकाणी आमचे व वडिलांचे प्रथम जुळले नाही. आम्हांस वाटत होते की जो नियम न्यायाचा नाही, त्याच्यापासून देवाच्या आड दडण्यात मोठे पाप नाही. वडिलांनी वाद घातला नाही. ते एवढेच म्हणाले, "विवाहात अग्नी साक्षी असतो. साक्षी कोणाला म्हणतात? विचारले असता ज्याला खरे सांगावे लागते, त्याला. अग्नी बोलत नाही, म्हणून भट बोलतो. उद्या मला कोणी विचारले की यांचे लग्न लागले का, तर मी काय सांगू? लागले म्हणालो तर त्यांची भाकरी जाते, नाही म्हणालो तर माझा मंत्र जातो."

यावर आम्हांस बोलता आले नाही. पेन्शन सुरू होताना, पुनर्विवाह झाल्यास कळवीन, असे विधवा लिहून देते. तो शब्द आहे. आणि गुप्त विवाहाचा सर्वांत मोठा भार कोणावर पडतो, हेही आमच्या मागाहून ध्यानी आले. तो बाईंवरच पडला असता. मास्तर आधी गेले, तर सह्यांवाचून त्या कचेरीत पत्नी नव्हेत, इस्पितळात नातलग नव्हेत, घरात मालकीण नव्हेत. गोव्याच्या कायद्यात सर्वसाधारणपणे पतिपत्नीच्या समाईक मिळकतीत अर्धा वाटा पत्नीचा. पण तो सह्या झालेल्या पत्नीचा. ज्या माळेची जगाला ओळख देता येत नाही, ती माळ स्त्रीच्या गळ्यात किती जड होत असेल! १८९३ साली महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला तो उघडपणे, आणि मुरूडच्या ग्रामस्थांचा बहिष्कार सोसला. लपवून केला असता तर बहिष्कार टळला असता. पण त्यांच्या मागून जाणाऱ्यांना वाटही सापडली नसती.

चार दिवसांनी दोघे आली. वडिलांनी आपले म्हणणे सांगितले. आम्ही कायद्याचे सांगितले. बाई ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "पैशाचे दुःख आहेच, भटजी. पण दर महिन्याला ते पैसे आले की वाटते, त्यांनीच पाठवले. ते बंद करायचे म्हणजे त्यांना परत जा म्हटल्यासारखे." त्या शब्दांनी सोप्यावरची सर्व माणसे निःशब्द झाली. नियम लिहिणाऱ्यांनी रकमेचा विचार केलेला असतो. या गोष्टीचा विचार कोणत्या कलमात करावयाचा? वडील सावकाश म्हणाले, "त्यांनी तुम्हाला उपाशी राहू नये म्हणून ठेवून दिले होते. तुम्ही उपाशी राहणार नसाल, तर ते रागावणार नाहीत."

दोघे काही न ठरविता गेली. मध्यंतरी तुळशीचे लग्न होऊन गेले. त्यानंतर एके दिवशी मास्तर एकटेच आले आणि सह्या करण्याचा दिवस ठरला असे सांगून गेले. मुलाला बाईंनी दूरध्वनीवरून कळविले होते. त्याचे उत्तर काय आले ते आम्ही विचारले नाही. पण विवाहाच्या दिवशी त्याने पाठविलेली साडी बाईंच्या अंगावर होती. पेडण्यास जाऊन सह्या झाल्या आणि मग देवळात मोजक्या दहा-बारा माणसांत वडिलांनी विधी केला. सप्तपदीला त्यांनी घाई केली नाही. मास्तरांचा गुडघा दुखरा. प्रत्येक पावलाला ते थांबत आणि बाई त्यांच्यासाठी थांबत. पाचव्या पावलाच्या वेळी दोघेही किंचित हसली. सातव्याला कोणी हसले नाही.

बाईंनी आपले पेन्शन बंद करण्याचा अर्ज स्वतः नेऊन दिला. मास्तरांनी आपल्या कचेरीस विवाहाचा दाखला व दोघांचे एकत्र छायाचित्र देऊन, आपल्या पेन्शनच्या आदेशात पत्नीचे नाव घालून घेतले. त्यास हेलपाटे पडले. एका खिडकीवर "या वयात?" असेही ऐकावे लागले. पण नाव चढले. आज मास्तरांच्या मागे बाईंना त्यांचे कुटुंब-निवृत्तिवेतन मिळेल. १९८९ चा तो निकाल नसता तर पहिले गेले आणि दुसरे मिळालेच नाही, अशी त्यांची दोन्ही हातांनी रिकामी अवस्था झाली असती. खरेपणाने वागणे त्यांना परवडले, कारण कोण्या सैनिकाची पत्नी व कोण्या रेल्वे नोकराची पत्नी पूर्वी न्यायालयाची पायरी चढल्या होत्या.

आणि म्हणूनच एका नव्या गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधणे आमचे कर्तव्य आहे. १ एप्रिल २०२५ पासून केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पेन्शन योजनेतील नोकरांसाठी 'एकीकृत पेन्शन योजना' हा पर्याय सुरू झाला आहे. २५ वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मे निवृत्तिवेतन आणि मृत्यूनंतर त्याच्या ६० टक्के जोडीदारास, अशी तिची मांडणी आहे. ती पुष्कळ अंशी स्वागतार्ह आहे. पण तो जोडीदार कोणता? निवृत्तीच्या दिवशी जो कायदेशीर जोडीदार असेल, तो. म्हणजे १९७२ ची ती जुनी अट नव्या पोशाखात परत आली आहे. निधीचा हिशेब आधीच बांधावा लागतो, नंतर येणाऱ्या जोडीदाराचे वय कोणास ठाऊक, असे तिच्या बाजूने म्हणता येईल. आणि ते अगदीच निराधार नाही. परंतु हिशेबाची अडचण हिशेबाने सोडवावी. जोडीदार वयाने फार लहान असेल तर रक्कम त्या प्रमाणात कमी करावी, वर्षा-दोन वर्षांची मुदत घालावी. बाईंसारखी एखादी विधवा उद्या या योजनेतील निवृत्त माणसाशी प्रामाणिकपणे सह्या करून विवाह करील, तर तिचे पहिले वेतन जाईल व दुसरे कधी येणारच नाही. असा नियम माणसाला खोटे बोलण्यास शिकवितो. आणि जो नियम सज्जनास खोटेपणाकडे ढकलतो, तो खजिन्याचे पैसे वाचवीत असला तरी राज्याची अब्रू वाचवीत नाही.

शेवटी आपल्या महाजन कुटुंबांस नम्रपणे तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. ज्यांनी निवृत्तीनंतर विवाह केला आहे, त्यांनी विवाहाची नोंदणी आणि पेन्शनच्या कागदांत जोडीदाराचे नाव, ही दोन्ही कामे आपल्या हयातीत पुरी करावी. मागे राहणाऱ्या थकलेल्या माणसाच्या माथी ती मारू नयेत. घरातील विधुर वडील वा विधवा आई यांनी असा विचार बोलून दाखविला, तर मुलांनी प्रथम मिळकतीचा विचार न करता त्यांच्या संध्याकाळचा विचार करावा. आणि गावाने आपली जीभ आवरावी. कायदा बदलणे आपल्या हाती नाही; हसणे थांबविणे आहे.

परवा सायंकाळी आरतीस ती दोघे आली होती. पायऱ्या चढताना मास्तर थांबले, तशा बाईही थांबल्या. ते पाहून वडील आम्हांस हलकेच म्हणाले, "आपण सात मोजून सोडून देतो. चालणारे मात्र पुढे चालतच असतात."